मुलांचा रोबो, मोठ्यांचे हात : एका शालेय संघाच्या प्रकल्प नोंदी

सांगलीतील एका मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेच्या संघाने ‘फर्स्ट लेगो लीग चॅलेंज’ या लेगोच्या रोबोंच्या शालेय स्पर्धेच्या २०२४-२५ च्या ‘सबमर्ज्ड’ हंगामासाठी केलेल्या तयारीच्या या नोंदी आहेत. संघात सहावी ते नववीची आठ मुले-मुली होती आणि प्रयोगशाळेचा प्रभारी शिक्षक म्हणून कोचचे काम माझ्याकडे होते. रोबो कसा बांधावा हे सांगणारे साहित्य भरपूर मिळते; तो बांधला जात असताना मोठ्यांनी कुठे थांबावे आणि कुठे थांबू नये हे मात्र प्रत्येक शाळेला नव्याने शिकावे लागते, म्हणून नोंदींचा भर त्यावर ठेवला आहे.

१७ ऑगस्ट २०२४

पालकांची पहिली बैठक झाली. शाळेत नीती आयोगाच्या योजनेतील अटल टिंकरिंग लॅब आहे, त्यामुळे ‘सामान तर आहेच’ असा सर्वांचा समज होता. या स्पर्धेत नियंत्रक, मोटर आणि सेन्सर लेगोचेच लागतात. लॅबमधले आर्डुइनो, तारा आणि थ्रीडी प्रिंटर रोबोच्या खेळात उपयोगाचे नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून ‘स्पाइक प्राइम’ या लेगोच्या रोबो-साहित्याचा मूळ संच आणि विस्तार संच घेतला. नोंदणी व मॅट-संचाचे (मैदानाची चटई व त्यावरचे नमुने) शुल्क बदलत असते, म्हणून त्याचा आकडा येथे देत नाही. पण एकूण खर्चातला मोठा वाटा तोच आहे, हे नव्या शाळांनी धरून चालावे.

मोठ्यांनी किती लक्ष घालायचे यावर पालकांची मते वेगवेगळी होती, आणि स्पर्धांचे स्वतःचेही यावर एकमत नाही. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी असलेल्या ‘फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन’मध्ये अभियंत्यांनी मुलांच्या खांद्याला खांदा लावून काम करणे अपेक्षितच आहे, तिथला रोबो पन्नास किलोंच्या वर जातो. ‘व्हेक्स’च्या स्पर्धांत याउलट, बांधणी आणि प्रोग्राम विद्यार्थ्यांचाच असला पाहिजे असे लेखी धोरण आहे. आमच्या स्पर्धेत काम मुलांनी करायचे आणि कोचने मार्ग दाखवायचा, असा दंडक आहे. प्रश्न एवढाच उरतो की दाखवणे कुठे संपते आणि करणे कुठे सुरू होते.

त्यासाठी एक जाड वही घातली. प्रत्येक बदलासाठी पाच रकाने : तारीख, काय बदलले, का बदलले, कोणी ठरवले, कोणी केले. वही मुलांनीच लिहायची आणि मोठ्यांनी काही केले तर तेही त्यांनीच नोंदवायचे. सोबत एक साधा नियम केला की टेबलावरचा रोबो आणि उघडा लॅपटॉप यांना मोठ्यांचा हात लागणार नाही.

२४ ऑगस्ट २०२४

टेबल तयार झाले. मैदानाची आतली मापे २३६२ गुणिले ११४३ मिलिमीटर आहेत, त्यामुळे आठ बाय चार फुटांच्या एका प्लायमध्ये काम भागते. प्लाय, कडेच्या पट्ट्या आणि सुताराची मजुरी मिळून ५,४०० रुपये लागले. पावसाळ्याच्या दमट हवेत प्लाय मधोमध किंचित वर आला, म्हणून खाली आडव्या दोन दांड्या मारून घ्याव्या लागल्या. हे आधीच केले असते तर सुताराची दुसरी खेप वाचली असती. करवत आणि ड्रिल मोठ्यांनीच चालवायचे, यावर कोणाचे दुमत नव्हते.

मैदानावरचे मिशनचे, म्हणजे रोबोने पार पाडायच्या कामांचे, नमुने मुलांनी जोडायला घेतले. वेळ वाचावा म्हणून त्यांनी प्रत्येकी दोन-दोन नमुने वाटून घेतले. एकाचे काम दुसऱ्याने तपासावे असे कोणाला सुचले नाही, त्याची किंमत डिसेंबरात मोजली.

नियमपुस्तिका इंग्रजीत आहे आणि ती मी वाचून सांगावी अशी मुलांची मागणी होती. ती मान्य केली नाही. पाने वाटून दिली, अडलेल्या शब्दाचा अर्थ विचारला तर सांगितला, नियमाचा अर्थ सांगितला नाही. पुस्तिका संपायला तीन आठवडे गेले. एका पालकांनी त्यांचा सबंध मराठी सारांश तयार करून आणला होता. तो कपाटात ठेवला. कारण अगदी व्यावहारिक होते : स्पर्धेच्या दिवशी पंचांशी नियमावरून बोलायचे झाले तर मुलांनाच बोलावे लागते.

२१ सप्टेंबर २०२४

गणपतीत काम जवळजवळ बंद होते. मुले परतली ती रोबोचा सांगाडा कागदावर काढूनच. हबला, म्हणजे रोबोच्या नियंत्रकाला, सहा पोर्ट असतात आणि मोटर जास्तीत जास्त चार चालतात. मुलांनी दोन मध्यम मोटर चाकांना, दोन मोठ्या मोटर अटॅचमेंटना (रोबोला जोडायच्या हातांना) आणि उरलेल्या दोन पोर्टवर रंग ओळखणारे सेन्सर, अशी विभागणी केली. ती त्यांची त्यांनी केली आणि का केली हे वहीत स्वच्छ लिहिले.

चाकांवरून मात्र वाद झाला. ५६ मिलिमीटरची लहान चाके की ८८ मिलिमीटरची मोठी? मोठी चाके ‘वेगवान’ म्हणून बहुमताने निवडली गेली. मोठ्या चाकांवर रोबो वळताना नेमका थांबणार नाही, अशी मला शंका होती. ती बोलून दाखवायची की नाही यावर मी बराच विचार केला आणि शेवटी एवढेच विचारले की निवड चुकली हे तुम्हाला कशावरून कळेल. ‘सलग पाच वळणांत कोन तीन अंशांहून जास्त चुकला तर’ असे उत्तर वहीत उतरले. हे गप्प राहणे स्वस्त नव्हते. पण निर्णयाबरोबर तो मोडण्याची अटही त्यांची झाली, आणि पुढे तिचा उपयोग झाला.

एमआयडीसीत मशीन शॉप असलेल्या एका पालकांनी ॲल्युमिनियमचा सुबक हात बनवून आणला. तो नियमात बसत नाही हे सातवीतल्या मुलाने पुस्तिकेचे पान उघडून त्यांना दाखवले. पालक थोडे हिरमुसले. मात्र पुढच्याच शनिवारी त्यांनी मुलांना व्हर्नियर कॅलिपर वापरायला शिकवले, आणि तेव्हापासून अटॅचमेंट ‘साधारण एवढी’ असण्याऐवजी मिलिमीटरमध्ये मोजली जाऊ लागली. आमच्या पालकांकडून मिळालेली ही सर्वांत उपयुक्त मदत होय.

५ ऑक्टोबर २०२४

रोबो सरळ जात नाही. साठ सेंटिमीटरच्या धावेत तो डावीकडे चार-पाच सेंटिमीटर सरकतो. मुलांनी चाके बदलून पाहिली, एक्सल दाबून बसवले, टायर ओल्या कापडाने पुसले; थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही.

डिप्लोमाला शिकणारी आमची एक माजी विद्यार्थिनी शनिवारी मदतीला येते. मुले तिला ताई म्हणतात. मुलांची दमछाक पाहून तिने लॅपटॉप घरी नेला आणि गायरोवर (वळण्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरवर) आधारित दुरुस्ती करणारा प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहून आणला. रोबो आता दोरी लावल्यासारखा सरळ जातो. मुलांनी टाळ्या वाजवल्या, पालकांनी व्हिडिओ काढले. वहीत ‘कोणी ठरवले’ आणि ‘कोणी केले’ या दोन्ही रकान्यांत एकच शब्द आहे : ताई.

यापुढे दसरा आणि सहामाही परीक्षा असल्याने काम थांबवत आहोत.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपल्यावरचा पहिला दिवस वाया गेला. वळणाच्या पाच चाचण्यांत मोठी चाके मुलांनी ठरवलेल्या अटीत नापास झाली आणि ५६ मिलिमीटरची चाके बसवली गेली. इथवर सर्व उत्तम होते. मात्र त्यानंतर एकही मिशन लागेना : साठ सेंटिमीटर सांगितले की रोबो ३८ सेंटिमीटरवरच थांबू लागला.

कारण सोपे आहे. मोठे चाक एका फेरीत २७.६ सेंटिमीटर जाते, लहान चाक १७.५. ताईच्या प्रोग्राममध्ये १३.०४ हा आकडा होता, म्हणजे ३६० भागिले २७.६, एका सेंटिमीटरसाठी लागणारे मोटरचे अंश. त्याच्या जागी २०.५७ घातले की काम झाले असते. पण तो आकडा कुठून आला हे आठांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. कोनाचे आकडे दहापट का दिसतात, नव्वद अंशांच्या वळणाला ९०० का लिहिले आहे, हेही कोणी विचारले नव्हते. एकाने दुरुस्तीचे गुणक बदलून पाहिले आणि रोबो टेबलावरून खाली जाता जाता वाचला.

मी तो आकडा एका मिनिटात बदलू शकलो असतो, आणि ताई येईपर्यंत थांबायचे तर आणखी एक आठवडा जाणार होता. मुलांना वही उघडायला लावली. ५ ऑक्टोबरच्या पानावर चौथ्या-पाचव्या रकान्यात त्यांचे स्वतःचे नाव शोधूनही सापडत नव्हते. त्यावर कोणी काही बोलले नाही, मीही नाही.

१६ नोव्हेंबर २०२४

ताई, मुले आणि मी बसलो. ताईला दोष देण्यासारखे काही नाही. तिचा प्रोग्राम आमच्या लॅबमध्ये आजवर लिहिला गेलेला सर्वांत चांगला प्रोग्राम होता. दोष असलाच तर तो चुकीच्या वेळी आला हा. मुलांना तेव्हा उत्तर नको होते, रोबो नेमका केव्हा भरकटतो हे दिसायला हवे होते.

नववीतल्या मुलाचे म्हणणे असे की स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे, तेव्हा ताईने आकडा बदलून द्यावा आणि आपण मिशनकडे वळावे. या म्हणण्यात तथ्य होते आणि मी ते तसे मान्यही केले. आठवीतल्या मुलीने विचारले की परीक्षकांनी ‘हे कसे चालते’ असे विचारल्यावर उत्तर कोण देणार. मतदान झाले आणि प्रोग्राम टाकून ब्लॉकमध्ये (पडद्यावर सूचनांचे ठोकळे जोडून) नव्याने लिहायचे ठरले, पण एकमताने नाही. नववीतला मुलगा दोन दिवस रुसला होता.

ताईने यापुढे एकच काम घेतले. गायरोचा आकडा हबवरच्या पाच बाय पाच दिव्यांवर कसा दाखवायचा एवढे तिने शिकवले आणि लॅपटॉप मुलांकडे सरकवला.

२३ नोव्हेंबर २०२४

विधानसभेच्या मतदानासाठी शाळेत केंद्र होते, लॅबला कुलूप होते आणि मी निवडणूक ड्युटीवर होतो. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीने संच एका विद्यार्थ्याच्या घरी गेला आणि फरशीवर काम चालले. परत आलो तेव्हा रोबो सरळ जात होता.

रीत त्यांनी अशी शोधली : धाव सुरू होण्याआधी रोबो स्थिर ठेवून कोन शून्य करायचा, मग धावताना प्रत्येक क्षणी जेवढा कोन चुकला असेल त्याच्या काही पट उलट दिशेला सुकाणू वळवायचे. गुणक १० ठेवला तेव्हा रोबो नागमोडी झाला, अर्धा ठेवला तेव्हा तो सुधारेपर्यंत धाव संपली, आणि शेवटी २ वर बसले. ताईच्या प्रोग्रामपेक्षा हा ओबडधोबड आहे. साठ सेंटिमीटरला सुमारे एक सेंटिमीटर चूक राहते. ती चूक झाकण्यासाठी मुलांनी मिशनच्या आधी रोबोला कडेच्या भिंतीला टेकवून सरळ करण्याची युक्ती काढली, जी ताईचा प्रोग्राम असता तर कोणाला सुचलीच नसती.

मी तिथे असतो तर गुणक १० वरून थेट ३ सुचवला असता, यात शंका नाही.

३० नोव्हेंबर २०२४

आज मात्र मी हस्तक्षेप केला, आणि तो आणखी आधी करायला हवा होता. संघात तीन मुली आहेत. वही चाळताना दिसले की रोबोच्या पानांवर मुलींची नावे सप्टेंबरनंतर विरळ होत गेली आहेत आणि तक्ता, सादरीकरण, हस्ताक्षर ही कामे त्यांच्याकडे आपोआप गेली आहेत. कोणी ठरवले नव्हते, भांडणही झाले नव्हते. मोठ्यांनी हात बांधून बसायचे या तत्त्वाची ही दुसरी बाजू आहे : मुलांना मोकळे सोडले की घरात आणि गल्लीत जे चालते तेच टेबलाभोवतीही चालू होते.

म्हणून कामांची फिरती यादी मी लावली आणि त्यावर मतदान घेतले नाही. दर आठवड्याला लॅपटॉपवर कोण, अटॅचमेंटवर कोण, वहीत कोण हे मी ठरवणार. त्या जागी बसून काय करायचे ते त्यांनी ठरवायचे. पहिल्याच आठवड्यात वेग मंदावला. मुलांनी कुरकुर केली, एका मुलीनेही केली, कारण तिला तक्त्याचे काम खरोखर आवडत होते. तिला ते ठेवू दिले, पण आठवड्यातला एक दिवस रोबोवर बसण्याच्या अटीवर. पुढे अटॅचमेंट पिना काढून बदलण्याऐवजी वरून नुसती ठेवून गिअरने जोडण्याची कल्पना तिचीच निघाली, आणि अडीच मिनिटांच्या सामन्यात अदलाबदलीला लागणारा वेळ निम्म्यावर आला.

१४ डिसेंबर २०२४

शेजारच्या गावातील एका शाळेच्या टेबलावर सरावाला गेलो. जहाजाची डोलकाठी उभी करण्याचे मिशन ३० गुणांचे आहे आणि आमच्याकडे ते दहातले नऊ वेळा लागत होते. तिथे ते एकदाही लागले नाही. मुलांना आधी वाटले की त्यांचा नमुना बिघडला आहे. सूचनापुस्तिकेशी ताडून पाहिल्यावर उलगडले की ऑगस्टमध्ये आमच्या नमुन्यातला एक बीम एक छिद्र पुढे बसला होता आणि त्यामुळे आमची डोलकाठी हलक्या धक्क्यानेही वर येत होती. म्हणजे चार महिने आम्ही चुकीच्या नमुन्यावर सराव केला. सर्व नमुने दोघा-दोघांनी मिळून पुन्हा तपासले, आणखी एका नमुन्यात चूक निघाली. अटॅचमेंटचा जोर वाढवण्यात दोन शनिवार गेले.

असे तपासणे हे मोठ्यांचे काम आहे असे माझे आता मत झाले आहे. रोबो मुलांचा आहे, मैदान नाही. मैदान बरोबर असल्याची हमी घेतल्याने मुलांचे काहीही हिरावले जात नाही.

त्या शाळेत कोच स्वतः रोबो हातात धरून लावत होते आणि मुले बाजूला उभी होती. परतीच्या एसटीत आमच्या मुलांनी त्यावर पुष्कळ तोंडसुख घेतले. मी त्यांना एवढेच म्हटले की त्यांची वही आपण पाहिलेली नाही.

२८ डिसेंबर २०२४

परीक्षकांसमोरच्या सत्राची रंगीत तालीम झाली. हे सत्र तीस मिनिटांचे असते आणि त्यात मोठ्यांना बोलता येत नाही. रोबोचा खेळ, रोबोची रचना, हंगामाच्या विषयावरचा नवकल्पना प्रकल्प आणि संघभावनेची मूल्ये या चारही भागांना सारखे वजन असते, म्हणजे टेबलावरचे गुण हे चित्राचा चौथा भाग. गणित आणि मराठीच्या शिक्षकांना परीक्षक केले. मराठीच्या बाईंनी रोबोविषयी काहीच माहीत नसल्याने प्रत्येक उत्तरावर ‘म्हणजे काय?’ असे विचारले, आणि ते प्रश्न खऱ्या परीक्षकांपेक्षा अवघड निघाले. चाके का बदलली या प्रश्नावर सहावीतल्या मुलाने वहीतले २१ सप्टेंबरचे पान उघडले, अट दाखवली, १० नोव्हेंबरचे मोजमाप दाखवले. नववीतल्या मुलाने प्रोग्राम टाकून दिल्याची हकिकत सांगितली आणि आपले मत विरोधात होते हेही सांगितले.

११ जानेवारी २०२५

स्पर्धा झाली. तीन अधिकृत सामने असतात आणि सर्वोत्तम एकच धरला जातो. पहिल्यात १५५ गुण मिळाले : सभागृहातला प्रखर प्रकाश आमच्या लॅबपेक्षा वेगळा असल्याने काळी रेघ सेन्सरला दिसली नाही, आणि रोबो दोनदा उचलून आणावा लागला. सुरुवातीला सहा चकत्या असतात आणि असे उचलले की एक जाते. पहिली गेली तर गुण जात नाहीत, दुसरी गेल्यावर चकत्यांच्या पन्नास गुणांचे पस्तीस होतात. सामन्यानंतर मुले माझ्याकडे न येता थेट सरावाच्या टेबलाकडे गेली, पांढऱ्याचे आणि काळ्याचे आकडे नव्याने मोजले आणि प्रोग्राममध्ये घातले. दुसऱ्या सामन्यात २३० झाले. तिसऱ्यात चुकीच्या क्रमांकाचा प्रोग्राम सुरू झाला आणि गाडी २०५ वर अडकली.

पुढील फेरीसाठी निवड झाली नाही. निवड झालेल्या एका संघाचा रोबो फारच सफाईदार होता आणि ‘तो त्यांच्या सरांनी केला असणार’ अशी कुजबुज आमच्यात सुरू झाली. रोबोकडे पाहून ते ओळखता येत नाही. मुलांना त्या संघाकडे पाठवले. तासाभराने ती परतली ती त्यांच्या गिअरच्या रचनेची चित्रे काढूनच, आणि तो विषय तिथेच मिटला.

१८ जानेवारी २०२५

हिशेब लावला. संच, नोंदणी आणि मॅट सोडता टेबल ५,४००, प्रवास व जेवण ७,८००, छपाई व तक्ता १,१५० आणि हरवलेल्या पिना व एक्सलसाठी ६०० रुपये असा खर्च झाला. सुटे भाग दर शनिवारी मोजून डबाबंद केले असते तर शेवटचा आकडा टळला असता.

पुढच्या हंगामासाठी मोठ्यांची कामे लिहून भिंतीवर लावली आहेत : टेबल, पैसे, प्रवास, लॅब उघडण्या-बंद करण्याच्या वेळा, कामांची फिरती यादी आणि नमुन्यांची तपासणी. ताईचे काम एकच लिहिले आहे, मोजायला शिकवणे. नोव्हेंबरात टाकून दिलेला तिचा पायथॉनचा प्रोग्राम नववीतल्या मुलाने काल स्वतःहून मागून घेतला असून त्यातला १३.०४ त्याने खोडून तिथे भागाकार लिहिला आहे.